सासूबाईंचा उजवा खांदा

माझी माणसं बघायची रीत वाईट आहे. समोरून कोणी आलं की लोक चेहरा बघतात, कपडे बघतात, फार तर चपला बघतात. मी सांधे बघते. पुण्यात फिजिओथेरपीच्या कॉलेजात एकोणीस वर्षं शरीररचना शिकवली, त्याचा हा परिणाम. मिटणं, उघडणं, अंगापासून दूर नेणं, अंगाजवळ आणणं, जागच्या जागी वळवणं, गोल फिरवणं. सांध्यांच्या मुख्य हालचाली म्हणाल तर एवढ्याच, आणि एवढ्यावर माणूस जन्म काढतो. मुलांना त्यांची परदेशी नावं पाठ होत नसत, म्हणून मी घरगुती खुणा सांगायचे. तीर्थ घ्यायला तळहात वर केला की सुपिनेशन, कणीक तिंबायला खाली केला की प्रोनेशन. एका पठ्ठ्याने परीक्षेत सुपिनेशनची व्याख्या ‘तीर्थ घेणे’ एवढीच लिहिली. मी त्याला पूर्ण मार्क दिले.

नवऱ्याच्या बँकेने त्याला तोक्योला पाठवलं आणि मी फुनाबोरीत येऊन पडले. इथे माझी पदवी कपाटात आहे आणि मी आठवड्यातले तीन दिवस कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. भाताच्या त्रिकोणी ओनिगिरी फळीवर रचायच्या, गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करायचा. वाकण्याचं इथे रीतसर शिक्षण मिळालं: गिऱ्हाइकाला पंधरा अंश, साहेबाला तीस, चूक झाली तर पंचेचाळीस, आणि तेही पाठीतून नव्हे, कंबरेच्या सांध्यातून. मला हा देश आवडला तो इथेच. कोन सांगून नमस्कार करायला लावणारं गाव मला आधी कुठे मिळालं असतं? माझा नवरा तर फोनवरच्या साहेबालाही वाकतो. समोर फ्रिज असतो.

तर दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, इथल्या उन्हाळ्यात, सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. त्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यापासून सांगलीत एकट्याच राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांना वाटत होतं की लेक-सून हौसेने जपान दाखवायला बोलावतायत. निदान आम्हाला वाटत होतं की त्यांना असं वाटतंय.

खरी गोष्ट वेगळी होती. माझा नवरा, बंगळुरूचा धाकटा दीर आणि मी असा तिघांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, ‘आई – पुढे काय’ नावाचा. दिराचं म्हणणं, आईने आता एकटं राहू नये. सांगलीचा फ्लॅट बंद करावा आणि बंगळुरूला त्याच्याकडे चौदाव्या मजल्यावर येऊन राहावं. नवऱ्याचं म्हणणं, जबरदस्ती नको, आधी बघू तिला कितपत जमतंय. मग दिराने लिहिलं, “वहिनी एक्स्पर्ट आहेत ना? तीन महिने त्या घरात ऑब्झर्व्ह करतील. प्रॉपर असेसमेंट. आईला न सांगता. वहिनी म्हणतील ते फायनल.”

मी नाही म्हणायला हवं होतं. एका बाईने कुठे राहायचं हे तिच्या गुडघ्यांवरून ठरवायचं आणि तेही तिला न विचारता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण सहा वर्षं ओनिगिरी रचल्यावर कोणी ‘एक्स्पर्ट’ म्हटलं की माणूस विरघळतो. मी लगेच तक्ता आखला. मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा. प्रत्येकापुढे हालचाली, आणि प्रत्येक हालचालीपुढे ती गुपचूप तपासायची युक्ती. ‘मांडी घालून ताक घुसळायला देणे: कंबर आणि गुडघा.’ ‘खालच्या खणातली कढई मागणे: उकिडवं बसणं, घोटा.’ ‘कचऱ्याच्या पिशवीवर जाळी ओढायला सांगणे: पाठ.’ आणि हा तक्ता कोणाच्या हाती लागू नये म्हणून मी तो माझ्या पाककृतींच्या वहीत, चकलीच्या भाजणीच्या मागच्या पानावर लिहिला.

पहिले चार आठवडे मी मजेत होते. सासूबाईंना काही कळत नाही आणि मी एकेका सांध्यापुढे बरोबरची खूण करतेय. त्या मांडी घालून तासभर बसायच्या, उठताना जमिनीला हातही लावायच्या नाहीत. सकाळी कावळे फाडू नयेत म्हणून कचऱ्याच्या पिशव्यांवर इथे निळी जाळी टाकतात. ती त्या अशी झटकून टाकायच्या की शेजारच्या जपानी आजोबांनी एकदा टाळ्या वाजवल्या. मान दोन्हीकडे भरपूर फिरायची, विशेषतः मी फोनवर बोलत असले की.

फक्त खांद्याचा पुरावा मिळेना. साखरेचा डबा मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायचे आणि परत येऊन बघावं तर डबा ओट्यावर, शेजारी स्टूल. “पडाल हं आई,” मी म्हणायचे. “स्टूल कशासाठी असतं मग?” त्या म्हणायच्या. दोरीवर कपडे वाळत घालायला सांगितलं तर त्यांनी दोरीच सोडवून दोन हात खाली बांधली. म्हणे, गॅलरीतून आकाश दिसत नव्हतं. मराठी ब्लाउजची हुकं पुढे असतात, त्यामुळे पाठीमागे हात जातो की नाही हेही कळायला मार्ग नाही. आणि त्यांचा अंबाडा! आयुष्यभर अंबाडा घालणाऱ्या बाई नारिता विमानतळावर मानेपर्यंत केस कापून उतरल्या होत्या. “परदेशात यायचं तर जरा मॉडर्न नको?” मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दिराने बदाम पाठवला. शेवटी मी खांद्यापुढेही बरोबरची खूण केली. स्टुलावर चढते ती बाई ठणठणीत असणार, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष.

जुलैच्या मध्यापासून त्या रोज सकाळी साडेसहाला जवळच्या पार्कात जाऊ लागल्या. तिथे रेडिओ लावून म्हातारी माणसं एकत्र व्यायाम करतात, रेडिओ ताइसो म्हणतात त्याला. पियानोच्या तालावर हात वर, हात खाली, कंबर उजवीकडे, कंबर डावीकडे. सांध्यांच्या बहुतेक सगळ्या हालचाली दहा मिनिटांत उरकतात. हजर राहिलं की कार्डावर शिक्का मिळतो. ती कार्डं खरं म्हणजे सुट्टीतल्या शाळकरी मुलांसाठी असतात, पण सासूबाईंनी हट्टाने एक मिळवलं आणि रोज घरी आल्यावर फ्रिजला लावून त्याच्याकडे बघत चहा प्यायच्या. एकदा त्या कार्डाचाही फोटो मी ग्रुपवर टाकला. ‘हंड्रेड पर्सेंट अटेंडन्स,’ नवऱ्याने लिहिलं.

ऑगस्टमधली गोष्ट. त्या सकाळी त्या पाण्याची बाटली विसरून गेल्या आणि उकाडा भयंकर होता, म्हणून मी बाटली घेऊन मागोमाग गेले. व्यायाम सुरू झालेला. वीसेक म्हातारी माणसं, शेवटच्या ओळीत हिरव्या सुती साडीतल्या आमच्या आई. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. तसा त्या आल्यापासूनच घ्यायच्या. इथल्या बायका उन्हासाठी हातांना लांब बाह्या चढवतात, मी पदर घेते, असं म्हणायच्या.

रेडिओवरच्या बाईने हात वर करायला सांगितलं. डावा हात कानाला टेकला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मग आईंनी उजवा खांदा अख्खा कानाकडे उचलला, कंबरेतून डावीकडे झुकल्या, आणि तो हात डोक्याएवढा वर गेल्यासारखा दिसला. पदराखाली सगळं झाकलेलं. शेजारून बघणाऱ्याला वाटावं, बाई छान लयीत डुलतायत.

मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. याला आमच्या विषयात ट्रिक मूव्हमेंट म्हणतात. एक सांधा हलत नाही म्हणून दुसरे चार सांधे त्याचं काम करतात आणि तपासणारा फसतो. मी दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला हेच शिकवायचे: आधी खांद्याचं पातं हाताने दाबून धरा, मग कोन मोजा, रोगी तुम्हाला उल्लू बनवणार आहे. पातं न धरणाऱ्या मुलांना मी नापास केलंय. आणि इथे माझ्या घरात, माझ्या टेबलावर, महिना-दीड महिना एक आखडलेला खांदा जेवत होता.

व्यायाम संपला. मी पुढे जाणार तोच आई आणि आणखी तीन आज्या पार्कातल्या पत्र्याच्या खोलीमागे गेल्या. मीही गेले. भिंतीवर कागदी चिकटपट्टीचे रंगीत तुकडे, एकावर एक, शिडीसारखे. आई भिंतीला तोंड करून उभ्या आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून कोळ्यासारखी वर चढवतायत. सगळ्यात म्हातारी आजी, चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठीमागून त्यांच्या खांद्याचं पातं दाबून उभी. बरोबर जिथे धरायला हवं तिथेच. बोटं शेवटच्या पट्टीच्या जरा वर पोचली. आजीने नवा पिवळा तुकडा चिकटवला आणि चौघींनी टाळ्या वाजवल्या.

मला बघून आजी खूश झाली. “गोजूकाता,” ती आईंच्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाली. पन्नाशीतला खांदा. इथे आखडलेल्या खांद्याला तेच म्हणतात, कारण तो साधारण त्या वयात होतो. मग तिने मला समजावलं की यांना तो चौऱ्याहत्तराव्या वर्षी झाला, म्हणजे या अजून तरुण आहेत, आणि चौघी पुन्हा हसल्या. आईंना जपानीचं अक्षर येत नव्हतं, त्या आज्यांना मराठीचं. तरी सगळ्या पार्काला जे ठाऊक होतं ते फक्त घरच्या एक्स्पर्टला ठाऊक नव्हतं.

आम्ही घरी निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, “किती दिवस झाले आई?”

“नऊ महिने.”

“मला का नाही सांगितलंत? माझा विषय आहे हा!”

“म्हणूनच.” त्यांनी पदर सारखा केला. “अगं, तुझ्या वहीत वाचलं मी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी. साबुदाण्याच्या वड्यात तू दाणे किती घालतेस ते बघायला वही काढली, आणि भाजणीच्या मागे माझे गुडघे.”

मला तिथल्या तिथे गटारात उडी मारावीशी वाटली, पण जपानात गटारं झाकलेली असतात. सासूपासून लपवायची गोष्ट मी स्वयंपाकाच्या वहीत लपवली होती. एकोणीस वर्षं शिकवलेल्या बाईची ही अक्कल.

“पेपर आधीच फुटला होता म्हणायचा,” मी पुटपुटले.

“फुटला कसला, तूच तो ओट्यावर ठेवलास. तीस वर्षं सुपरव्हिजन केलंय मी. कॉपी कशी पकडायची ते येतं, तेव्हा करायची कशी तेही येतं. तू रोज काय विचारणार ते वाचून मी तयारी करून ठेवायचे.” त्या हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. “केस मात्र कापायला नको होते. अंबाड्याला हात पोचेना. रोज शेजारणीला घालून दे म्हटलं असतं तर दोन दिवसांत बातमी बंगळुरूला. पार्लरमध्ये रडले गं मी. त्या मुलीला वाटलं, कापताना लागलं.”

सिग्नल हिरवा झाला. आम्ही दोघीही हललो नाही.

“चौदाव्या मजल्यावर मला सगळं मिळेल,” त्या म्हणाल्या. “चहा हातात मिळेल. पण मला माझ्या घरी उठून, माझ्या हाताने दाराची कडी काढायची आहे. कडी खाली आहे. तिला खांदा लागत नाही.”

मला फार लाज वाटली. वहीत तेवीस हालचाली लिहिल्या होत्या मी, आणि या बाईला काय हवंय हा रकानाच नव्हता.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्यांना विचारून मोजलं. पातं धरलं. हात बाजूला सत्तर अंश. बाहेरच्या बाजूला वळणं जेमतेम दहा. दुखत होतं, त्यांनी ओठ आवळले पण हूं की चूं केलं नाही. मी सांगितलं की हा बहुतेक वेळा आपला आपण सुटतो, वेळ घेतो, व्यायाम सोडायचा नाही. “ग्रुपवर काय लिहिणार?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्या विचार करून म्हणाल्या, “खोटं लिहू नकोस. खरंही लिहू नकोस.” गणिताच्या बाईंकडून हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी बरं म्हटलं.

परत जायला दोन आठवडे उरले असताना दिराने रविवारी व्हिडिओ कॉल लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो म्हणाला, “आई, जरा हात वर करून दाखव ना. असंच.” म्हणजे त्याने माझ्यावर सगळं सोडलं नव्हतं. आईंनी डावा हात झटकन वर केला. “आता उजवा.” पदर सावरला गेला, खांदा उचलला गेला, कंबर डावीकडे गेली. अप्रतिम. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला फसवलं असतं.

“एकदम फिट!” माझा नवरा म्हणाला.

“वहिनी?” दीर म्हणाला. “तुम्ही सांगा. ओके ना?”

आई माझ्याकडे बघत होत्या. ‘ओके’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण दिराच्या आवाजात मला शंका ऐकू आली. आज नाही तर दिवाळीत तो सांगलीला जाईल, आईला भाजी आणायला पाठवेल, पिशवी उजव्या हातात देईल, आणि मग सगळंच खोटं ठरेल. त्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरणार नाही.

“ओके नाही,” मी म्हणाले. “उजवा हात सत्तर अंशांच्या वर जात नाही. तुम्ही आत्ता पाहिलंत ते नाटक होतं.”

आईंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, मी यांना ढकलून दिलं. दीर लगेच म्हणाला, “बघ! म्हणूनच मी म्हणत होतो…”

“माझं व्हायचंय भाऊजी. हे दहा महिने चाललंय. दहापैकी आठ महिने त्या सांगलीत एकट्या होत्या. स्वयंपाक, बाजार, बँक, तीन मजले. तुम्ही पाडव्याला चार दिवस राहून आलात, तुम्हाला दिसलं? तुमच्या भावाला दिसलं? मी दोन महिने याच कामाला बसले होते, मला दिसलं? एक हात नसल्यासारखा असताना ही बाई आपल्या तिघांना बनवू शकते. एकटीने राहायला आणखी काय लागतं ते तुम्हीच सांगा.”

 मग माझा नवरा आईकडे वळला आणि त्याने विचारलं, “दुखतं का गं?” दहा महिन्यांत हा प्रश्न त्या घरच्या कोणी पहिल्यांदा विचारत होतं. त्या म्हणाल्या, “दुखतं.” आणि डोळे पुसले, डाव्या हाताने.

निकाल लगेच लागला नाही. दोघे भाऊ आठवडाभर भांडले. आई माझ्याशी दोन दिवस फक्त ‘मीठ दे’ आणि ‘गॅस बंद कर’ एवढंच बोलल्या, कारण मी शब्द मोडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी मला हलवून उठवलं. “चल. त्या आजीचे हात दुखतात आता. पातं तू धर.” शेवटी दिराने अट घातली की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे एक किल्ली राहील. “राहू दे,” आई म्हणाल्या. “पण आत येताना बेल वाजवायची.”

त्या सांगलीला परत गेल्या. बंगळुरूचा विषय ग्रुपवर पुन्हा निघाला नाही, आणि ग्रुपमध्ये आता त्याही आहेत.

दर रविवारी आम्ही व्हिडिओवर भेटतो. आई फोन इतका जवळ धरतात की पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंतच काय ते दिसतं. खांदा दिसत नाही. हे मुद्दाम आहे हे मला कळतं, आणि मला कळतं हे त्यांनाही कळतं. हा आजार बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत सुटतो. सगळ्यांचा पूर्ण सुटतोच असं नाही. कधी कधी मला खरंच भीती वाटते. ‘आई, फोन जरा लांब धरा’, एवढंच म्हणायचं असतं, शब्द अगदी तोंडाशी येतात.

मी विचारते, “आज जेवायला काय केलंत?”